सकाळचा पक्ष, संध्याकाळचा पक्ष

ते संत्री खात नसत. सौंसरला जन्म गेला, हंगामात दारावरून संत्र्यांचे ट्रक जायचे, पाहुणे टोपल्या आणून ठेवायचे, पण एक फोडही त्यांनी कधी तोंडात घातली नाही. “घसा पकडते,” एवढंच म्हणायचे. मे महिन्यात आम्ही डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन फिरायचो, तेव्हाही त्यांच्या गळ्यात तपकिरी मफलर असायचा. ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव जाहिरात करणं हा त्यांचा धंदा. साड्यांचा सेल, कुस्त्यांची दंगल, पोलिओचा डोस, हरवलेली गाय आणि निवडणूक. एका हातात ऑटोचं हँडल, दुसऱ्या हातात माइक. सगळं गाव त्यांना माइकवाले काका म्हणायचं. त्यांचं खरं नाव मला विजेच्या बिलावर वाचून कळलं.

मी तेव्हा सौंसरच्या एका खासगी शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. पहिल्याच सकाळी जिन्याखालून भारदस्त आवाज आला, “सूचना. वरच्या मजल्यावरील मॅडमनी नोंद घ्यावी, नळ आलेला आहे. नळ फक्त अर्धा तास राहील. संधीचा लाभ घ्यावा.” मी दचकून बादली घेऊन खाली धावले. काकू चुलीजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “घाबरू नको पोरी. याहीले साधं बोलताच येत नाही. लगनात सप्तपदीच्या वेळीसुद्धा भटजीच्या मागं मागं मोठ्यानं बोलून राहिले होते.” काकूंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. जेवायला बसताना त्या बरोबर डावा कान काकांकडे करून बसत.

सौंसर हिंदी राज्यात मोडतं, म्हणून शहरात हिंदी आणि खेड्यात मराठी, असा त्यांचा नियम. “सामान विकाचं तर हिंदीत विकावं मॅडम. मत मांगाचं तर मायच्या भाषेतच मांगा लागते.” ‘भव्य’ या शब्दाशिवाय त्यांची जाहिरात पूर्ण होत नसे. चपलांचा सेलही भव्य आणि डोळे तपासणीचं शिबिरही भव्य. एकदा रामाकोन्याच्या एका बाईची शेळी हरवली. तिच्यासाठी ते दुपारभर फिरले आणि शेळीला ‘सर्वांची लाडकी’ म्हणाले. शेळी सापडली. ती बाई सांगायला आली तेव्हा काकांनी जाहिरातीचा परिणाम किती भव्य असतो यावर मला पंधरा मिनिटं ऐकवलं.

मौतीची सूचना मात्र ते वेगळ्या रीतीनं देत. चौकात ऑटो उभा करायचे, इंजिन बंद करायचे, मफलर सोडून मांडीवर ठेवायचे आणि मगच माइक तोंडाशी धरायचे. त्या सूचनेत एकही विशेषण नसायचं. गेलेल्याचं नाव, घर, किती वाजता निघणार. त्याचे पैसे ते घेत नसत. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “त्यात आपण काही विकून नाही राहिलो ना.”

निवडणूक आली की घराला सणाची कळा यायची. दोन्ही मोठ्या पक्षांना काकाच लागत. सकाळी एकाचा झेंडा ऑटोवर, दुपारी जेवून तासभर झोप, मग दुसऱ्याचा. घरात ते त्यांची नावं घेत नसत. सकाळचा पक्ष आणि संध्याकाळचा पक्ष; गावातही आता हेच चालायचं. सकाळच्या पक्षासाठी जाड, छातीतला आवाज. संध्याकाळच्यासाठी गोड, जरा ओलावा असलेला. सकाळी ज्या चौकात ‘यांना घरी बसवा’ म्हणायचे, तिथंच संध्याकाळी ‘यांनाच निवडून द्या’ म्हणायचे. लोक ऐकून घ्यायचे, हसायचे, चहा पाजायचे. मी एकदा विचारलं, “काका, तुम्हाला काही वाटत नाही का?” ते पापड मोडत होते. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. “वाटते ना. संध्याकाळी आवाज जरा बसते.”

अशा माणसाच्या आयुष्यात तो सिनेमा आला.

सिनेमाचं नाव मी इथं घेत नाही, कारण अर्धं भांडण त्या नावावरूनच होतं. राजकारणाची टर उडवणारा विनोदी सिनेमा होता. कुठं मोर्चे निघाले, कुठं पोस्टर फाडले, टीव्हीवर रोज चार माणसं एकमेकांवर ओरडत बसायची. पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये तो लागला तेव्हा मालकानं सौंसरच्या बाजूची जाहिरात काकांना दिली. काका दोन दिवस ‘भव्य हास्याचा स्फोट’ म्हणत फिरले. त्याबद्दल पास मिळाले. रविवारच्या दुपारच्या खेळाला काकू, काका आणि मी बसनं पांढुर्ण्याला गेलो. काकूंनी पिशवीत भुईमुगाच्या भाजलेल्या फल्ल्या घेतल्या होत्या.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका मंत्र्याकडे एकच हातपंप असतो. ट्रॅक्टरवर घालून तो गावोगाव नेतात, रातोरात जमिनीत रोवतात, उद्घाटन करतात, फोटो काढतात आणि उपटून पुढच्या गावी नेतात. ट्रॅक्टरच्या पुढं एक माणूस भोंग्यावर ओरडत जातो. तो पडद्यावर आला आणि टॉकीजमध्ये एकच गलका झाला, कारण त्याच्याही गळ्यात मफलर होता. मागून कोणी तरी ओरडलं, “माइकवाले काका, हे तं तुमीच हो.” सौंसरची बरीच मंडळी आलेली होती. शिट्ट्या वाजल्या. काकांना कोण आनंद झाला. ते उभे राहिले, मागं वळून त्यांनी हात वर केला, उमेदवार करतात तसा. काकू म्हणाल्या, “बसा खाली, मागच्याले दिसून नाही राहिलं.”

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. मफलरवाला भोंग्यावर सांगतो की गावात पाणी आलं, भांडी घेऊन या. एक म्हातारी मडकं घेऊन येते आणि पंपाखाली धरून उभी राहते. मंत्री दांडा हलवतो. पाणी येत नाही. म्हातारी तशीच उभी. तेव्हा मफलरवाला माइकवरून म्हणतो, “आजी, घाई करू नका, पाणी वाटेत आहे.” त्या वाक्याला टॉकीज फुटलं. मीही हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं इतकी हसले, आणि हसत हसतच काकांकडे वळले. त्यांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला होता. ते पडद्याकडे पाहत नव्हते, पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत होते. फल्ल्यांची पुडी मी त्यांच्यापुढं धरली तर त्यांना ती दिसलीही नाही.

खेळ सुटला. फाटकाशी एक पोरगेलासा पत्रकार मोबाइल घेऊन उभा होता. त्याचं स्वतःचं चॅनल होतं आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत होता, सिनेमा कसा वाटला. एक कापड दुकानदार म्हणाले, “देशाची बदनामी आहे. बाहेरचे लोक पाहतीन तं काय म्हणतीन?” कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “सगळं खरंच आहे ना, मग राग कशाचा येऊन राहिला लोकांना?” मोहगावचे एक शेतकरी म्हणाले, “त्याहीच्या गावात पंप आला तरी. एक दिवस तं एक दिवस.” सकाळच्या पक्षाचा एक कार्यकर्ता छाती काढून म्हणाला की हा सिनेमा समोरच्या पक्षाचं खरं रूप दाखवतो. त्याच्या मागोमाग संध्याकाळच्या पक्षाचा आला आणि अगदी त्याच शब्दांत तेच बोलला. आमच्या शाळेतले एक सर म्हणाले, “शेवट जरा ढिला वाटला.”

मग पत्रकारानं काकांना पकडलं. “काका, तुमी तर हिरो आहात आजचे. कसा वाटला?”

मला वाटलं, आता ‘भव्य’ येणार. काका माइकसमोर कधी अडखळत नसत. त्या दिवशी अडखळले.

“लाज वाटली,” ते म्हणाले.

“कोणाची? सरकारची?”

“माही. ज्या सीनले लोक सगळ्यात जास्त हसले ना, तो खरा आहे. तो मी केला आहे.”

“कोणत्या पक्षासाठी केला काका?”

“पंप सकाळच्या पक्षानं बसवला. पाणी येईन म्हणून सांगाले संध्याकाळच्यानं पाठवलं. दोघाहीच्या वक्ती माइक माह्याच हातात होता.”

आजूबाजूचे हसले. त्यांना तो सिनेमाचाच पुढचा भाग वाटला. काकू पुढं झाल्या, त्यांनी काकांचा दंड धरला आणि म्हणाल्या, “बस निघून जाईन.” परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले. मला इतकी सवय झाली होती त्यांच्या आवाजाची, की ते गप्प बसले तर बसचं इंजिन बिघडल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्या मोबाइलवर होता. पुरा नव्हे. संध्याकाळच्या पक्षानं ‘पंप सकाळच्या पक्षानं बसवला’ एवढा तुकडा ठेवला होता. सकाळच्या पक्षानं त्याच्या पुढचा. दोन्ही तुकड्यांत काका खरं बोलत होते. ‘लाज वाटली’ आणि ‘माही’ हे शब्द मात्र दोघांनीही कापले होते.

संध्याकाळी दोन माणसं घरी आली. एक या पक्षाचा, एक त्या पक्षाचा, एकाच मोटारसायकलवर. त्यांचं म्हणणं होतं की सिनेमा बंद करण्यासाठी सर्वपक्षीय मोर्चा काढायचा ठरलंय. सिनेमात गावच्या माणसांची थट्टा केली आहे. काकांनी उद्या ऑटो फिरवून लोकांना बोलवावं. व्हिडिओचं प्रकरण मग आपोआप मिटेल.

काकूंनी चहा दिला. काका कपाकडे पाहत म्हणाले, “नाही जमणार भाऊ.”

“काहून? घसा बसला काय?”

“घसा ठीक आहे. लाज वाटून राहिली.”

त्यातला एक मनापासून हसला. वाईट माणूस नव्हता तो. काकांना लहानपणापासून ओळखत होता. “काका, पिक्चर पाहून कोणी लाजते काय? पिक्चर पाहून माणूस हसते, घरी येते, जेवते. तुमी त्याले मनावर काहून घेऊन राहिले?”

“हसलो ना त्या पंपाच्या वक्ती,” काका म्हणाले. “तेव्हाच हसून घेतलं मी.”

मोर्चा काकांशिवाय निघाला. टॉकीजच्या मालकानं दोन दिवसांत सिनेमा उतरवला. फाटकावर ‘तांत्रिक कारणामुळे’ असा कागद लावला होता म्हणे.

पुढच्या रविवारी सकाळी काका जिन्याखाली आले. सूचना नाही, काही नाही. साध्या आवाजात म्हणाले, “मॅडम, माह्यासंगं चालता काय? एका वस्तीवर जाचं आहे. एकट्यानं होणार नाही.” काकूंनी आतून मला मान हलवून खुणावलं, जा.

ऑटोवर भोंगा होता, झेंडा नव्हता. रामाकोन्याच्या बाजूला, कपाशीच्या वावरांमधून कच्च्या रस्त्यानं जाताना काकांनी मला ती हकीकत सांगितली. बऱ्याच वर्षांमागची. त्या वस्तीत पाण्याचे हाल होते. एका निवडणुकीच्या तोंडावर सकाळच्या पक्षानं तिथं सिमेंटचा चौथरा बांधून हातपंप उभा केला. खाली बोअर घेतलीच नव्हती. संध्याकाळच्या पक्षाच्या नेत्यानं पुढच्या निवडणुकीला त्याच पंपाचं पुन्हा उद्घाटन ठेवलं, आता पाणी येणार म्हणून. त्या एका दिवशी काका सकाळपासून याच पक्षासाठी माइकवर ओरडत होते, गुंड घेऊन या, पाणी आलं. आमच्याकडे पितळी हंड्याला गुंड म्हणतात. फारसं कोणी आलं नाही. एक म्हातारी मात्र डोक्यावर गुंड घेऊन आली आणि थेट पंपापाशी उभी राहिली.

“नेता वाट पाहून राहिला होता, फोटोवाला वाट पाहून राहिला होता. कोणाले काही सुचून नव्हतं राहिलं. मंग मी माइकवर म्हटलं, आजी, इतकी घाई काहून, पाणी अजून छिंदवाड्याच्या बसमंधी बसलं आहे. सगळे हसले. नेताही हसला. मले वाटलं, मी वेळ सांभाळली. त्या दिवशी नेत्यानं माह्या पाठीवर हात ठेवला होता, मॅडम. घरी येऊन मी हे तुमच्या काकूले दहा वेळा सांगतलं.”

“आणि म्हातारी?”

“ते गेली वापस. गुंड घेऊन. मी पायलंही नाही.”

वस्ती आली. चौथरा अजून होता. पंपाचा दांडा कोणी तरी काढून नेला होता आणि वरच्या खांबाला एक बकरी बांधलेली होती. काकांनी ऑटो उभा केला. इंजिन बंद केलं. मफलर काढला. माइक तोंडाशी धरला आणि आधी नुसता श्वासाचा आवाज भोंग्यातून आला.

“ऐका हो,” ते म्हणाले. “मागं याच जागी मी सांगतलं होतं, पाणी आलं म्हणून. ते खोटं होतं. मले माहीत होतं ते खोटं आहे. एक आजी गुंड घेऊन आली होती. मी तिची थट्टा केली. मी माफी मांगाले आलो आहे.”

माणसं घराबाहेर आली. काही चौथऱ्याजवळ जमली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय होता. एकानं विचारलं, “कोणत्या पक्षाकडून आले?”

“कोणत्याच नाही.”

“मंग निवडणूक आहे काय?”

“नाही.”

“मंग कोणी पाठवलं तुमाले?”

कोणी पाठवल्याशिवाय भोंगा गावात येतो, हे त्या माणसांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काकांनीही नाही.

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आल्या. पन्नाशीच्या असतील. हाताला कापसाचे तंतू चिकटलेले. त्या म्हणाल्या, “ते माही सासू होती. वारली ते.”

काकांनी हात जोडले.

“पण तुमी कशाची माफी मांगून राहिले, मले समजून नाही राहिलं,” त्या म्हणाल्या. “त्या पंपाले पाणी नाही, हे तं आमाले चौथरा बांधला तवाच माहीत होतं. इथली पोरंच होती ना गवंड्याच्या हाताखाली.”

“मंग आजी गुंड घेऊन काहून आली होती?”

“तुमच्यासाठी.”

काकांच्या हातात माइक अजून चालू होता.

“ते गुंड भरलेलं होतं,” बाई म्हणाल्या. “पाटलाच्या वावरातल्या विहिरीवरून आणलं होतं सकाळी. सासू म्हणे, तो बापा सकाळपासून बोंबलून राहिला, कोणी त्याले पाण्याचंही विचारलं नाही, घसा सुकला असन. आमी म्हटलं, राहू दे, त्याहीच्या जवळ बाटल्या असतीन. ऐकलं नाही तिनं. गेली. मंग तुमी माइकवर काही तरी बोलले, सगळे हसले. ते तशीच घरी आली. म्हणे, त्याले तहान नाही वाटते.”

एवढं त्यांनी सहज सांगितलं. त्या काही दुखवायला बोलत नव्हत्या. कोणी तरी जुनी गोष्ट विचारली म्हणून सांगत होत्या. मग त्यांच्या काही ध्यानात आलं असावं. त्यांनी घराकडे वळून सुनेला हाक मारली आणि पाणी आणायला सांगितलं. सून स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आली. काकांनी पेला घेतला. सगळी वस्ती पाहत होती. मी खाली चौथऱ्याच्या कडेकडे पाहत राहिले, कारण त्यांच्या तोंडाकडे माझ्यानं पाहवेना. ते पाणी त्यांनी पुरं प्यायलं, एक थेंबही ठेवला नाही, आणि पेला दोन्ही हातांनी परत केला.

परत येताना ते एकदाच बोलले. “मॅडम, मले वाटे मी त्याहीले फसवलं. फसले असते तं बरं झालं असतं.”

त्यानंतर काकांनी निवडणुकीचं काम घेतलं नाही. सेल, शिबिरं, हरवलेली जनावरं, मौतीच्या सूचना, एवढंच. दोन्ही पक्षांचे लोक आले, समजावून गेले. काका म्हणायचे, “आता वय झालं.” मला माहीत होतं ते कारण नाही, पण त्यांना जे सांगायचं होतं ते ऐकून हसण्याशिवाय कोणी काही केलं नसतं. घरातही ते हळूहळू साधं बोलायला लागले. नळ आला की दारावर टकटक करत. काकू एकदा माझ्याजवळ बोलल्या, “आता उजवा कान करून बसतो मी याहीच्याकडं. तरी ऐकू नाही येत.”

पुढची निवडणूक आली तेव्हा मी अजून तिथंच होते. सकाळची वेळ. मी शाळेला निघायच्या तयारीत होते आणि रस्त्यावरून काकांचा आवाज आला. जाड, छातीतला, सकाळच्या पक्षाचा. मी चमकून खाली पाहिलं. काका अंगणात बाजेवर बसून डाळ निवडत होते. त्यांनीही मान वर केली.

मागच्या खेपेला दोन्ही पक्षांनी त्यांच्याकडून जाहिरात रेकॉर्ड करून घेतली होती. तेच पेन ड्राइव्ह आता पुन्हा काढले होते. सबंध भाषण काकांचं आणि मध्येच उमेदवाराचं नाव तेवढं दुसऱ्याच कोण्या माणसाच्या आवाजात चिकटवलेलं. संध्याकाळी गोड आवाजाचा दुसरा ऑटो आला. शेजारी दारात उभे राहून म्हणाले, “काका, सुरू केलं का पुन्हा? चांगलं झालं. तुमच्याशिवाय मजा नव्हती.”

“मी नाही तो,” काका म्हणाले.

“तुमचाच आवाज आहे की.”

“आवाज माहाच आहे.”

रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तो आवाज दारावरून जायचा. पाणी येणार, रस्ते होणार, आपल्या हक्काचा माणूस. काकू खिडक्या लावून घ्यायच्या. एक दिवस काका निवडायच्या डाळीचं सूप बाजूला ठेवून उठले, अनवाणी रस्त्यावर गेले आणि येणाऱ्या ऑटोसमोर हात आडवा करून उभे राहिले. ऑटो चालवणाऱ्या तरुणानं त्यांना ओळखलं. करकचून ब्रेक लावला, आदरानं भोंग्याचा आवाज कमी केला आणि बाहेर डोकं काढून विचारलं, “काका, आवाज बरोबर येऊन राहिला ना? कुठं फाटून तं नाही राहिला?”

मी वरून पाहत होते. मला वाटलं आता ते बोलतील, हे बंद कर म्हणतील. पोरगा वाट पाहत होता. भोंग्यातून हळू आवाजात काका मत मागत होते.

“येऊन राहिला,” काका म्हणाले. “साफ येऊन राहिला.”

मग ते रस्त्यातून बाजूला झाले. पोरानं हात जोडून नमस्कार केला, आवाज पुन्हा मोठा केला आणि ऑटो पुढच्या गल्लीत वळला.